आधी कोठीची किल्ली, माईक मागाहून

जुलैमध्ये महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची नावनोंदणी सुरू झाली की माझ्या टेबलापुढे रांग लागते. नाव, वर्ग, गाव, रक्तगट. रांगेत दरवर्षी सात-आठ मुलं अशी असतात की त्यांना नाव दोनदा विचारावं लागतं. आवाज घशातच अडकतो, नजर टेबलावरून उठत नाही. "शिबिराला येणार ना?" म्हटलं की मान हलते, पण ती होकाराची की नकाराची ते कळत नाही. त्या नावांपुढे मी पेन्सिलीने बारीक टिंब काढून ठेवते. हा सगळा मजकूर त्या टिंबवाल्या मुलांसाठी आहे, म्हणजे खरं तर त्यांना सांभाळणाऱ्या नव्या कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. राष्ट्रीय सेवा योजनेची जबाबदारी माझ्याकडे आधी चार वर्षं होती, मग खंड पडला, आता पुन्हा आली आहे. मी मूळची माण तालुक्यातली. साताऱ्यात 'कमवा आणि शिका'मध्ये राहून पदवी घेतली. तेव्हा मी स्वतः टिंबवाली होते.

नवे सहकारी फोन करून विचारतात, "मॅडम, गाव झाडून आणि रोपं लावून पोरांत आत्मविश्वास येतो म्हणतात, तो नेमका येतो कसा?" प्रश्न रास्त आहे. नुसतं झाडून येत नाही. पन्नास जणांच्या गर्दीत झाडू हातात घेऊन सात दिवस लपून राहता येतं, हे मी पाहिलंय. मूल गर्दीतून पुढे यावं यासाठी काही गोष्टी आधीपासून ठरवून कराव्या लागतात.

ज्यांना योजनेची काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास नियमित काम करायचं आणि एकदा सात दिवसांचं विशेष शिबिर करायचं. 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी' हे ब्रीद आणि कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक हे चिन्ह. कागदावर एवढंच. आपल्या सातारा-सांगलीला मात्र हा विचार त्याआधीच कळलेला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, स्वतः रांधायची, शेतात राबायची. १९४७ मध्ये साताऱ्यात महाविद्यालय निघालं तेही 'कमवा आणि शिका' घेऊनच. माझ्या वाट्याला त्यात ग्रंथालयाचं काम आलं होतं. परत आलेली पुस्तकं क्रमांकाप्रमाणे लावायची. चार महिन्यांनी एक प्राध्यापक कपाटापुढे उभे राहून मला म्हणाले, "ते कुठे सापडेल? तुलाच माहीत." त्या "तुलाच"ने माझ्यात जे झालं, तेच मी आता शिबिरात मुलांसाठी घडवायला बघते.

पाहणीला हुशार मुलं नेऊ नका

शिबिर बहुतेक डिसेंबर-जानेवारीत असतं. गाव ऑक्टोबरात ठरवा आणि पाहणीला जाताना दोन मुलं सोबत घ्या. प्रत्येक वर्गात भाषणं करणारी दोन-चार मुलं असतात, त्यांना नेण्याचा मोह होतो. तो आवरा. त्यांना तुमची गरज नाही. टिंबवाल्यांपैकी एक मुलगा, एक मुलगी न्या.

त्याआधी ग्रामसेवकांना फोन त्यांनाच करायला लावा. नुसतं "फोन कर" म्हटलं तर मूल चार दिवस टाळेल आणि मग "लागला नाही" म्हणेल. शेजारी बसवा, कागदावर चार वाक्यं त्याच्याच हाताने लिहून घ्या: मी अमुक महाविद्यालयातून बोलतोय, आम्हाला तुमच्या गावात सात दिवसांचं शिबिर घ्यायचंय, मॅडम आणि आम्ही दोघं भेटायला येऊ इच्छितो, कोणता दिवस सोयीचा? पहिला फोन वाचून होतो. पलीकडून काहीतरी अनपेक्षित विचारलं जातं, मूल माझ्याकडे बघतं, मी खिडकीबाहेर बघते. दोन सेकंद जातात आणि ते काहीतरी उत्तर देतंच. ते दोन सेकंद तुम्ही भरून काढलेत तर कागद, तयारी सगळं फुकट.

गावात गेल्यावर सरपंचांपुढे बोलणं तुम्हीच करा, पण मोजमाप मुलांकडे द्या. शाळेच्या किती खोल्या मिळतील, नळाला पाणी किती वाजता येतं, मुलींच्या खोलीपासून स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, दाराला आतून कडी आहे का. परत आल्यावर प्राचार्यांनी विचारलं की तुम्ही गप्प राहायचं. माहिती ज्याच्या वहीत आहे त्याने सांगायची.

मुलींच्या घरी आधी जाऊन या. फोनवर परवानगी मिळत नाही, मिळाली तर आदल्या दिवशी फिरते. आईशी स्वयंपाकघरात बसून बोला. राहायचं कुठे, सोबत कोण, रात्री खोलीत बाई कोण असणार हे स्पष्ट सांगा. "बाई, तुम्ही असाल तर पाठवतो," हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता तिथून उठताना शिबिराचं वेळापत्रक आणि माझा नंबर कागदावर लिहूनच ठेवते.

माईकची घाई

एक चूक सांगते, ती पूर्णपणे माझी होती. दुसऱ्याच वर्षी, शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी, मी एका अतिशय बुजऱ्या मुलीला पाहुण्यांची ओळख करून द्यायला उभं केलं. भीड चेपायची तर पाण्यात ढकलावं लागतं, असं मला तेव्हा वाटायचं. ती उभी राहिली, दोन शब्द बोलली आणि रडत मुलींच्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. तिने पुन्हा योजनेत नाव घातलं नाही. मला ती मुलगी आजही आठवते आणि वाईट वाटतं.

गर्दीपुढे बोलणं ही सगळ्यांत शेवटची पायरी आहे. ज्याच्याकडे सांगायला काही आहे त्याला बोलता येतं. पहिल्या दिवशी त्या मुलीकडे सांगण्यासारखं स्वतःचं काहीच नव्हतं, पाहुण्यांची उधारीची माहिती होती. म्हणून आधी असं काम द्या की ज्यातून सांगण्यासारखं तयार होईल.

कोणतं काम द्यायचं

मी काम निवडताना तीन गोष्टी बघते. ते पंधरा-वीस मिनिटांत शिकता आलं पाहिजे. त्याच्यावाचून बाकीच्यांचं अडलं पाहिजे. आणि बरोबर झालं की चुकलं हे काम स्वतःच सांगेल, माझ्या शाबासकीची वाट बघावी लागणार नाही, असं ते असलं पाहिजे.

कोठीची किल्ली हे त्यातलं उत्तम. पन्नास जणांचा तांदूळ, डाळ, तेल, पोहे, चहापत्ती. काय आलं, काय गेलं, काय उरलं याची वही. सकाळी सहाला स्वयंपाकाची तुकडी दाराशी येऊन उभी राहते, आणि किल्ली एकाच्याच खिशात असते. पहिल्या दिवशी तो धावत येतो. तिसऱ्या दिवशी तो आदल्या रात्रीच विचारून ठेवतो, "उद्या पोहे का उप्पीट? किती जण जेवायला?" पाचव्या दिवशी मी स्वतः दोन किलो साखर मागितली तर त्याने मला सांगितलं, "मॅडम, आधी वहीत लिहा." मी लिहिलं.

पण माझं सगळ्यांत आवडतं काम हायड्रोमार्करचं. दुष्काळी भागात शिबिर असलं की माळावर सलग समतल चर खोदायचे असतात. माथ्यापासून पायथ्याकडे यायचं, उताराला आडवे चर काढायचे, साधारण दोन फूट रुंद, एक-दीड फूट खोल, निघालेली माती उताराच्या बाजूला टाकायची. आधी समपातळीची रेघ आखावी लागते, आणि तिथे हे साधन लागतं: खुणा केलेल्या दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारी पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली. नळीत बुडबुडा राहिला की माप चुकलं, म्हणून आधी बोटाने टिचक्या मारत मारत तो बाहेर काढायचा. एकाने पट्टी एका जागी धरायची, दुसऱ्याने आपली पट्टी घेऊन वर-खाली सरकायचं. दोन्हीकडे पाणी सारख्या खुणेवर आलं की त्या दोन जागा एकाच उंचीवर. तिथे फक्की टाकायची.

आता यातली गंमत बघा. पट्टी धरून उभ्या असलेल्याला लांबवर उभ्या असलेल्या जोडीदाराला ओरडून सांगावंच लागतं. "खाली... अजून खाली... थांब!" माळावर वारं असतं, पुटपुटलेलं पोचत नाही. मागे टिकाव-खोरी घेऊन चाळीस जण खोळंबलेले असतात. आटपाडीकडची एक मुलगी पहिल्या दिवशी "थांब" इतकं हळू म्हणाली की जोडीदार पुढेच गेला आणि तिला सगळं पहिल्यापासून करावं लागलं. दोन तासांत तिचा आवाज माळभर ऐकू येत होता. त्या वेळी ती आपल्या आवाजाचा विचारच करत नव्हती, नळीतल्या पाण्याकडे बघत होती.

कामं रोज बदलावीत, सगळ्यांना सगळं मिळावं, असं बरेच जण मानतात. मी निदान तीन दिवस काम बदलत नाही. पहिला दिवस शिकण्यात जातो, दुसऱ्या दिवशी चूक होते, तिसऱ्या दिवशी ती सुधारते. दुसऱ्या दिवशी काम काढून घेतलं तर मुलाच्या हाती फक्त चूक उरते.

चुकलं तर काय करायचं

हात मागे बांधून उभं राहायचं. सगळ्यांत अवघड हेच आहे, विशेषतः आपल्यासारख्या शिकवण्याची सवय लागलेल्यांना.

त्याच मुलीने आखलेला एक चर तिरका गेला होता. मला लांबूनच दिसत होतं. खोदून झाल्यावर मी एवढंच म्हटलं, "एक घागर ओतून बघ." चर समपातळीत असेल तर पाणी पसरतं आणि जागेवर थांबतं. तिने ओतलं तसं ते एका टोकाला पळालं. ती खाली बसून बघत राहिली. मग स्वतःच म्हणाली, "नळीत बुडबुडा होता." चाळीस जणांची अर्ध्या दिवसाची मेहनत होती, मुलं चिडली, एक-दोघं बोललीही. तिने दुपारी पुन्हा आखणी केली आणि तो चर दुरुस्त करून घेतला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक चराला ती आधी एक घागर मागायची.

अशा वेळी बोलणाऱ्या मुलांना मात्र तिथल्या तिथे थांबवा. चूक कामाने दाखवली तर मूल शिकतं, हसण्याने दाखवली तर मिटतं. माझ्या शिबिरात एकच नियम कडक आहे: कुणाच्या बोलण्यावर, उच्चारावर, गावावर हसायचं नाही.

घरोघरी जाताना

हा नियम कडक झाला त्यामागे एक मुलगा आहे. जत तालुक्याच्या पूर्व भागातला, घरची भाषा कानडी. त्याचं मराठी चांगलं होतं, पण 'ळ' आणि लिंगं इकडची तिकडे व्हायची, वर्गात खसखस पिकायची. त्याने बोलणंच सोडलं होतं.

त्या वर्षी आमचं शिबिर योगायोगाने जतच्याच सीमेलगतच्या गावात होतं. सर्वेक्षणाला मी मुलांना जोड्यांनी पाठवते. हिवाळ्यात तिथली बरीच कुटुंबं ऊसतोडीला गेलेली असतात. घरात म्हाताऱ्या आणि त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडं. अर्ध्या तासात माझ्या सगळ्या चतुर जोड्या परत आल्या. आज्यांना मराठी येत नव्हतं, यांना कानडी. मग तो उठला. पहिल्या घरी उंबऱ्यापाशी बसून "अज्जी" म्हणून त्याने हाक मारली आणि जे बोलायला लागला त्यात त्याचा वेगळाच आवाज आम्हाला ऐकू आला, मोठा आणि ठसठशीत. आजी हसली, आत जाऊन शेंगा घेऊन आली. दुपारपर्यंत त्याच्या मागे सहा जण वह्या घेऊन चालत होते आणि तो सांगेल ते लिहीत होते. पाणी किती लांबून, रेशन कार्ड आहे का, नातवंडं शाळेत जातात का. त्याला कुणी विचारलं, "हे कानडीत कसं म्हणायचं?" तेव्हा त्याने शांतपणे शिकवलं. उच्चार चुकला तर तो हसला नाही.

यात माझं काही कर्तृत्व नव्हतं, गावाची निवड अपघाताने झाली होती. पण तेव्हापासून मी टिंबवाल्या मुलांना एक प्रश्न मुद्दाम विचारते: घरी तू काय करतोस? कुणी पहाटे चार म्हशींची धार काढतं, कुणी द्राक्षबागेत औषध फवारतं, कुणी आईच्या शिवणयंत्राचा पट्टा बसवतं. शिबिरात त्याला जागा काढता येते. बुजरं मूल काहीच येत नाही म्हणून बुजत नाही. बहुतेकदा त्याला जे येतं ते महाविद्यालयात कुणी विचारतच नाही.

सर्वेक्षणाची एक बारीक सूचना. यादीतला पहिला प्रश्न उत्पन्नाचा किंवा जातीचा ठेवू नका, दार बंद होतं. "पाणी कुठून आणता?" इथून सुरू करा. आणि मुलांना सांगा, उभ्याने विचारू नका, बसा म्हटलं की बसा.

आणखी एक पद्धत माझ्या फार जवळची. काही गावं म्हणतात, रात्रीची भाकरी आम्ही देतो, घरटी दोन. त्या गोळा करायला दोघादोघांनी टोपलं घेऊन जायचं. दारात उभं राहून "शिबिराची भाकरी न्यायला आलोय" म्हणणं, बागायती घरातल्या मुलाला फार जड जातं. मागण्याची सवय नसते ना. तिसऱ्या संध्याकाळी तोच मुलगा चुलीपाशी बसून ठेचा कशाचा म्हणून विचारत असतो.

रात्रीची चर्चा

गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. क्रम तोच ठेवा. पाहुण्यांचं बौद्धिक सत्र दुपारी उरकून घ्या, रात्र मुलांची. गोल बसायचं, मीही त्यातच, खुर्ची नाही. प्रत्येकाने एकच सांगायचं: आज कुठे अडलो. काय जमलं ते सांगा म्हटलं की बोलकी मुलं भाषण सुरू करतात. अडलो कुठे म्हटलं की सगळे सारखे होतात. सुरुवात मी माझ्यापासून करते. ज्याला बोलायचं नाही त्याने "पुढे" म्हणायचं, आणि त्याबद्दल त्याला कुणी काही विचारायचं नाही. पहिल्या रात्री पंधरा-सोळा "पुढे" येतात, चौथ्या रात्री दोन-तीन. माईक द्यायचाच असेल तर तो सहाव्या दिवशी, गावापुढे काम सांगताना. चर कुठे, किती, कसे, हे ती मुलगीच सांगेल. तिला कागद लागणार नाही.

शिबिरानंतर

इथे बहुतेक ठिकाणी सगळं वाया जातं. सोमवारी मूल पुन्हा शेवटच्या बाकावर. म्हणून १२० तासांचं वेळापत्रक शिबिराच्या आधी संपवू नका, निम्मे तास नंतरसाठी राखा आणि जुन्या मुलांना नव्यांना शिकवायला लावा.

याचा खरा उपयोग मला ऑगस्ट २०१९ मध्ये दिसला. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली होती. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या एका गावात आम्ही चिखल काढायला गेलो. गुडघाभर गाळ, भिजलेलं धान्य, कुजका वास. मदतीच्या गाड्या येत होत्या आणि कुणाला काय मिळालं याचा मेळ लागत नव्हता. आमचा कोठीवाला, ज्याने माझ्याकडून साखर वहीत लिहून घेतली होती, तोवर पदवी घेऊन बाहेर पडला होता. तो आपणहून आला, देवळाच्या पायरीवर बसला, वही उघडली आणि गल्लीवार यादी करायला लागला. वयाने दुप्पट माणसं येऊन आवाज चढवत होती. तो प्रत्येकाला एकच सांगत होता, "काका, तुमचं नाव आहे, तेरावं आहे." संध्याकाळपर्यंत लोक त्यालाच विचारायला लागले.

म्हणून आत्मविश्वास आला का हे बघताना आवाजाकडे बघू नका. मूल "मला माहीत नाही, विचारून सांगतो" असं न लाजता म्हणतंय का, मोठ्या माणसाला शांतपणे नाही म्हणतंय का, आणि चूक झाली तर स्वतः येऊन सांगतंय का, ते बघा. माझ्या काही टिंबवाल्या मुली आजही कमीच बोलतात. त्यांचं काही बिघडलेलं नाही.

शेवटचं एक काम, त्याला फार वेळ लागत नाही. शिबिर संपल्यावर आठवड्याभरात प्रत्येकाच्या घरी एक पोस्टकार्ड पाठवा. छापील नको, हाताने. "आपली मुलगी गुणी आहे" असलं काही लिहू नका. एकच घडलेली गोष्ट लिहा. तुमच्या मुलाने सात दिवस पन्नास जणांची कोठी सांभाळली, हिशेब किलोभरही चुकला नाही. तुमच्या मुलीने आखलेल्या चरांत पाणी थांबलं. घरात ते कार्ड फिरतं, शेजारी वाचतात, पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीची परवानगी मागायला जावं लागत नाही.

जतच्या त्या मुलाच्या घरीही मी कार्ड पाठवलं होतं. वडिलांना मराठी वाचता येत नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. पंधरा दिवसांनी तो भेटायला आला.

"मॅडम, कार्ड मलाच वाचून दाखवावं लागलं. कानडीत करून. आपलंच आपण सांगायला लई अवघड वाटलं."

"मग काही गाळलंस?"

"नाही. सगळं सांगितलं."